रिपोर्टातले ‘पॉझिटिव्ह’ आणि आठव्या दिवसाचे रक्त

वाचकाचे पत्र: सादर नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. माझ्या सहा वर्षांच्या नातीला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग, झाल्याचे निदान झाले असून गेले तीन आठवडे मुंबईत तिची किमोथेरपी चालू आहे. मुलगा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहे. सध्या तो आणि सून दोघेही तिच्याजवळ आहेत. सोलापुरात झालेल्या पहिल्या बोनमॅरो बायोप्सीच्या रिपोर्टात ‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. पुण्यात जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या माझ्या पुतण्याचे म्हणणे असे की, हे प्रथिन पेशींना मरू देत नाही, म्हणून औषधे लागू पडत नाहीत आणि आजार उलटतो. त्याने तसा एक शोधनिबंधही दाखवला. बॅक्स, कॅस्पेज-३, ॲनेक्झिन अशा पेशीमृत्यूच्या चाचण्या एका खासगी प्रयोगशाळेत करून घ्याव्यात आणि बीसीएल-२ ला रोखणाऱ्या नव्या गोळीबद्दल विचारावे, असे तो सुचवतो. मुंबईच्या डॉक्टरांनी मात्र या चाचण्यांचे नावही काढलेले नाही. त्यांच्याकडून काही राहून तर जात नाही ना? आम्ही काय करावे?

उत्तर:

आदरणीय गुरुजी, सादर नमस्कार.

आपण इतक्या काळजीत आहात की आधी उत्तर सांगते आणि मग कारणांकडे वळते. त्या चाचण्या करू नयेत, ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाला घाबरू नये, आणि आपण सांगितलेल्या गोष्टींवरून पाहता मुंबईच्या डॉक्टरांकडून काही राहून गेले आहे असे मला वाटत नाही. आपला पुतण्या पेशीशास्त्राविषयी जे सांगतो ते बरोबर आहे. त्यावरून आपल्या नातीचे भविष्य सांगता येते, हे मात्र बरोबर नाही. या दोन गोष्टींमधले अंतर बरेच मोठे आहे.

पॅथॉलॉजीत माझा जन्म गेला, त्यामुळे पहिली कबुली मलाच दिली पाहिजे. ‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’ हे शब्द मीही शेकडो रिपोर्टांत लिहिले आहेत, आणि ते वाचणाऱ्या आईबापांना काय वाटेल याचा विचार फार उशिरा केला. त्या ओळीचा अर्थ इतकाच असतो की, पेशींना विशिष्ट प्रतिपिंडाने रंगवले असता बीसीएल-२ हे प्रथिन त्यांच्यात दिसले. ते चांगले की वाईट, याचा निवाडा त्या शब्दात नसतो. रक्तातल्या निरोगी टी-पेशींतही हे प्रथिन भरपूर असते, आणि मुलांच्या या ल्युकेमियातील बहुतेक रुग्णांच्या पेशींत ते सापडते. पूर्ण बऱ्या झालेल्या मुलांचे पहिले रिपोर्ट कपाटातून काढले, तर त्यांतल्या बहुतेकांवर हीच ओळ लिहिता आली असती. ही तपासणी पेशींची जात ओळखण्यासाठी केली जाते; हजेरीपटावरचे नाव पाहून मुलगा पास होणार की नापास, हे आपण वर्गात कधी ठरवले नसेल.

आता पुतण्याच्या मुद्द्याकडे वळते, कारण तो मुद्दा टाकाऊ नाही. शरीरातील प्रत्येक पेशीत स्वतःला शिस्तीने संपवण्याची एक यंत्रणा असते. १९७२ साली केर, वायली आणि करी या तीन पॅथॉलॉजिस्टांनी या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ असे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाडाची पाने गळणे असा आहे. आपल्या पूर्व भागात हे समजावून सांगायला पानगळीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बाण्याचा धागा तुटला की चालता माग आपोआप थांबतो, हे आपल्या मुलाला रोज दिसते. तो थांबला नाही तर कापड खराब निघत राहते. पेशीच्या सूचनासंचात दुरुस्त न होणारा बिघाड झाला की पेशीही अशीच स्वतःला थांबवते. कॅस्पेज नावाची विकरे (एन्झाइम) तिला आतून कापत जातात आणि कॅस्पेज-३ हे त्यांतले शेवटच्या टप्प्यावरचे मुख्य हत्यार. बॅक्स हे प्रथिन या यंत्रणेला चालना देते, तर बीसीएल-२ तिला अडवते. बीसीएल-२ हे पेशीची वाढ वेगाने घडवणारे नसून पेशीला मरू न देणारे जनुक आहे, हे १९८८ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवले, आणि कर्करोग म्हणजे केवळ अनिर्बंध वाढ, ही समजूत तेव्हापासून मागे पडली. मागाच्या भाषेत बोलायचे तर, माग थांबवणारा दांडा कुणीतरी सुतळीने बांधून ठेवावा, तसे हे प्रथिन काम करते.

आपल्या नातीला दिली जाणारी जवळजवळ सगळी औषधे शेवटी याच यंत्रणेतून काम करतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिम्फोब्लास्ट पेशीत, म्हणजे या ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशीत, बिम नावाचे मृत्यूला चालना देणारे प्रथिन वाढवते. व्हिन्क्रिस्टीन पेशीविभाजनाचे धागेच जुळू देत नाही. ॲस्पॅराजिनेज रक्तातील ॲस्पॅराजिन संपवून पेशीची उपासमार करते. डॉनोरुबिसिन डीएनए तोडते. वार वेगवेगळे असले तरी पेशी मरते ती बहुतांशी त्याच एका दारातून. म्हणून, दार अडवणारी प्रथिने जास्त असलेल्या मुलांत औषधे कमी लागू पडतील, असे शास्त्रज्ञांना वाटले आणि १९९० च्या दशकापासून त्यांनी पहिल्या दिवसाच्या नमुन्यांत बीसीएल-२, बॅक्स, पी-५३, सर्व्हायव्हिन अशी एकेक प्रथिने मोजायला सुरुवात केली. कल्पना अगदी तर्कशुद्ध होती. निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळले नाहीत: काही अभ्यासांत बीसीएल-२ जास्त असलेल्या मुलांची वाटचाल वाईट दिसली, काहींत काहीच फरक आढळला नाही. पुतण्याने दाखवलेला निबंध पहिल्या गटातला असणार. दुसऱ्या गटातले निबंधही त्याने तितक्याच आस्थेने वाचावेत, ही त्याला माझी विनंती आहे.

असे का झाले, याची कारणे त्याला समजतील म्हणून थोडी सविस्तर लिहिते. बीसीएल-२ हे एकटे प्रथिन नसून त्याच्या कुळात वीसेक प्रथिने आहेत; एकाने दार सोडले तरी एमसीएल-१ किंवा बीसीएल-एक्सएल त्याची जागा घेऊ शकते, त्यामुळे एकाचे मोजमाप घेऊन सगळ्या कुळाचा कल कळत नाही. शिवाय कुणी काचपट्टीवर रंग पाहून मोजले, कुणी फ्लो सायटोमेट्रीवर (रंगवलेल्या पेशी लेझरसमोरून एकेक नेऊन मोजणाऱ्या यंत्रावर), कुणी प्रथिनाऐवजी त्याचा आरएनए मोजला. ‘जास्त’ कशाला म्हणायचे याची रेघ प्रत्येकाने आपापली ओढली, आणि कित्येकदा ती निकाल हाती आल्यावर ओढली. अनेक अभ्यासांत मुलांची संख्या थोडी होती आणि उपचारही एकसारखे नव्हते. उपचारच बदलले की जुने लक्षण भाकीत करेनासे होते, ही तर या आजाराची खासियत आहे. एखादी खूण धोक्याची म्हणून ओळखली गेली की त्या मुलांना अधिक तीव्र उपचार मिळतात, ती बरी होऊ लागतात आणि खुणेची धार बोथट होते. पुतण्याने हाती येणाऱ्या प्रत्येक निबंधाला पुढील प्रश्न विचारावेत: मुले किती होती, त्यांना कोणते उपचार मिळाले, आणि वय, पांढऱ्या पेशी व गुणसूत्रे यांचा हिशेब वजा केल्यावरही त्या प्रथिनाचे काही वजन उरले का?

खासगी प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याबाबत याहूनही साधी अडचण आहे. ॲनेक्झिन-व्ही ही चाचणी मरायला लागलेल्या पेशीच्या आवरणावर बाहेर आलेला फॉस्फॅटिडिलसेरिन हा पदार्थ पकडते, आणि कॅस्पेज-३ ची चाचणी चालू झालेले विकर. दोन्ही चाचण्या ‘या क्षणी’ किती पेशी मरत आहेत हे सांगतात. ल्युकेमियाच्या या पेशी बोनमॅरोच्या आधाराने जगतात. शरीराबाहेर काढल्या की त्या कोणत्याही औषधाविना आपोआप मरू लागतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात कुरिअरच्या पेटीत काही तास काढलेल्या नळीतून जो आकडा निघेल तो नातीच्या आजाराचा असेल की प्रवासाचा, हे कुणीही खात्रीने सांगू शकणार नाही. त्यातही आता तीन आठवड्यांचे उपचार झाले आहेत. मूळ ल्युकेमियाच्या पेशी आज तिच्या रक्तात मुळात उरल्याच नसतील, तर ती प्रयोगशाळा मोजणार तरी काय?

पेशी मरतात की नाही हे पाहण्याचा उत्तम मार्ग मुंबईच्या डॉक्टरांनी वापरला नाही, असे आपल्याला वाटते. वास्तविक तो त्यांनी पहिल्या आठवड्यातच वापरला असण्याची शक्यता फार मोठी आहे. जर्मनीतील बीएफएम गटाने रूढ केलेली आणि पुढे भारतातील अनेक केंद्रांनी मिळून आखलेल्या आयसिकल पद्धतीतही घेतलेली रीत अशी की, पहिले सात दिवस प्रामुख्याने प्रेडनिसोलोन द्यायचे आणि आठव्या दिवशी रक्तात ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशी, किती उरल्या ते मोजायचे. एका मायक्रोलिटरमध्ये त्या १,००० च्या आत असतील तर प्रतिसाद चांगला, १,००० किंवा जास्त असतील तर अपुरा. ही खरी पेशीमृत्यूची चाचणी आहे, आणि तिची प्रयोगशाळा म्हणजे खुद्द मुलीचे शरीर. बीसीएल-२ किती, बॅक्स किती, बिम वाढला की नाही, स्टेरॉइड पेशीत पोहोचले की नाही, या सगळ्यांचा बेरीज-वजाबाकी होऊन उरलेला निकाल त्या एका आकड्यात येतो. दांड्याला सुतळी बांधली आहे का, हे वाकून पाहण्यापेक्षा माग थांबला की नाही हे पाहणे अधिक भरवशाचे, हे आपला मुलगा मान्य करील.

यापुढची आणि सर्वांत महत्त्वाची चाचणी साधारण पाचव्या आठवड्याच्या सुमारास होईल. तिचे नाव एमआरडी, म्हणजे औषधांनंतर उरलेला किमान आजार. निदानाच्या वेळी मुलाच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी ल्युकेमिया पेशी असू शकतात. पहिल्या महिन्याच्या उपचारांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली बोनमॅरो स्वच्छ दिसली, म्हणजे ब्लास्ट पाच टक्क्यांच्या आत आल्या, तरी एक हजार कोटींपर्यंत पेशी दडून राहू शकतात. माझ्यासारख्या माणसाने कितीही वेळ काचपट्टी पाहिली तरी त्या सापडत नाहीत. फ्लो सायटोमेट्री दहा हजार पेशींतली एक ओळखते. म्हणूनच ०.०१ टक्का ही रेघ मानली जाते आणि एमआरडी तिच्या खाली असणे ही आज उपलब्ध असलेली सर्वांत बोलकी शुभवार्ता आहे. रेघेच्या वर आकडा आला तर तो निकालपत्रातला नापासाचा शेरा नसतो. त्या मुलाचे उपचार अधिक तीव्र करायचे, असा त्याचा अर्थ असतो. रेघेखाली असलेल्यांपैकी काहींनाही आजार उलटतो, हेही लपवणे योग्य होणार नाही.

रिपोर्टांच्या गठ्ठ्यात एलडीएच (पेशींत असणारे एक विकर) आणि युरिक ॲसिड वाढलेले दिसले असेल तर त्याचाही धसका घेऊ नये. पेशी मोठ्या संख्येने जन्मून मरतात तेव्हा त्यांच्यातला ऐवज रक्तात सांडतो, एवढेच ते सांगतात. औषधे सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत हा सांडलेला ऐवज मूत्रपिंडांना झेपावा म्हणून सलाईन आणि ॲलोप्युरिनॉल देतात.

पेशीमृत्यूशी नाते असलेली एक तपासणी मात्र आपण जरूर विचारावी, आणि ती बहुधा झालेलीच असेल: गुणसूत्रांची. ल्युकेमियाच्या पेशींत ५० पेक्षा जास्त गुणसूत्रे असणे किंवा ईटीव्ही-६ आणि रन्क्स-१ या जनुकांची जोड असणे हे शुभलक्षण मानतात. फिलाडेल्फिया गुणसूत्र (दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनलेले) सापडले तर इमॅटिनिबसारखे औषध जोडले जाते, म्हणजे तिथे रिपोर्टाने उपचार खरोखर बदलतात. गुणसूत्रे ४४ पेक्षा कमी असतील तर तो उच्च धोक्याचा प्रकार ठरतो, आणि त्यातल्या एका उपप्रकारात पी-५३ या जनुकात बिघाड जवळजवळ नेहमी सापडतो. कित्येकदा तो जन्मजात असतो, त्यामुळे कुटुंबाचीही तपासणी करावी लागते. पेशीला मरण्याची आज्ञा देणारे हे जनुक या आजारात सुरुवातीला क्वचितच बिघडलेले असते. म्हणजे मृत्यूच्या यंत्रणेचा अभ्यास निरुपयोगी नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तराने औषध बदलेल तोच प्रश्न विचारायचा, एवढेच. पत्रात आपण पहिल्या दिवशीच्या पांढऱ्या पेशींचा आकडा लिहिलेला नाही. वय १ वर्ष पूर्ण ते १० वर्षांच्या आत आणि पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमध्ये ५०,००० च्या खाली, ही सामान्य धोक्याच्या गटाची जुनी व्याख्या आहे. नातीचे वय तरी तिच्या बाजूने आहे.

बीसीएल-२ ला रोखणारी गोळी म्हणजे व्हेनेटोक्लॅक्स. हे खरे औषध आहे, अफवा नव्हे. अमेरिकेत २०१६ साली त्याला प्रौढांच्या एका दीर्घकालीन ल्युकेमियासाठी प्रथम मान्यता मिळाली. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात ते आजार उलटलेल्या किंवा उपचारांना न जुमानणाऱ्या रुग्णांत अभ्यासले जात आहे. पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या, अजून एमआरडीही न झालेल्या सहा वर्षांच्या मुलीला ते देण्याचे कारण नाही, आणि किमोने आधीच कमी झालेल्या निरोगी रक्तपेशी ते आणखी कमी करू शकते. दुकानातून परस्पर आणून देण्याचा विचार कुणी बोलून दाखवला, तर आपण वडीलधारे म्हणून त्याला तिथेच थांबवावे.

या आजारात १९६० च्या दशकाच्या प्रारंभी दहांतले एखादे मूल वाचत असे; आज प्रगत देशांत दहांपैकी सुमारे नऊ वाचतात. गंमत अशी की हा पल्ला मुख्यतः त्याच जुन्या औषधांनी गाठला गेला. ती कशी जोडायची, मेंदूभोवतीच्या पाण्यात पाठीतून औषध कसे पोहोचवायचे, आणि कुणाला जास्त व कुणाला कमी द्यायचे, हे शिकता शिकता यश वाढले. आपल्याकडे काही मुले हातची जातात ती पेशी मरत नाहीत म्हणून नव्हे, तर उपचार अर्धवट सुटल्याने किंवा ताप आल्यावर रुग्णालयात पोहोचायला उशीर झाल्याने. म्हणून प्रयोगशाळेसाठी बाजूला काढलेले पैसे प्रवासासाठी ठेवावेत. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण, आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाचे प्रमाणपत्र घेऊन सिद्धेश्वर एक्सप्रेसची तिकिटे त्याच सवलतीत काढावीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेविषयी रुग्णालयातील समाजसेवा विभागात सुनेला लगेच चौकशी करायला सांगावे.

पहिले काही महिने संपले की नात सोलापूरला परतेल, केस उगवतील, ती शाळेत जाऊ लागेल, आणि खरी कसोटी तेव्हा सुरू होईल. एकूण उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. त्यातला मोठा काळ रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी आणि आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट असा असतो. इतका काळ का, तर मर्कॅप्टोप्युरिनपासून बनलेला पदार्थ पेशीच्या डीएनएमध्ये शिरतो आणि पेशी विभागायला निघाली की तिचा घात करतो. झोपून राहिलेली पेशी कधी जागी होईल हे कुणालाच ठाऊक नसते, म्हणून गोळीने रोज दारात उभे राहावे लागते. अमेरिकेतील मुलांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका स्पष्टपणे वाढलेला दिसला. महिन्याच्या तीस गोळ्यांत हा हिशेब करून पाहावा: दोन चुकल्या की आपण रेघेच्या खाली गेलो. गड्ड्याच्या यात्रेची संध्याकाळ, कुणाचे लग्न, गावची जत्रा, अशा दिवशी गोळी राहून जाते. ती ठरल्या वेळी देण्याचे आणि कॅलेंडरवर खूण करण्याचे काम आजोबांनी अंगावर घ्यावे. वर्षानुवर्षे हजेरी घेतलेल्या माणसाइतके ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

गोळीचे प्रमाण रक्ततपासणीनुसार कमी-जास्त होत राहील. काही भारतीय मुलांत एनयूडीटी-१५ या जनुकातील फरकामुळे नेहमीचे प्रमाणही जास्त होते आणि निरोगी रक्तपेशी फार कमी होतात. तसे झाले तर डॉक्टर मात्रा कमी करतात. ‘किमो चांगल्या पेशी मारते’ असे शेजाऱ्यांकडून ऐकून घरच्या घरी गोळी बंद करू नये. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट न पाहता, वेळ कोणतीही असो, तासाभरात रुग्णालय गाठावे. त्यासाठी सोलापुरातले कोणते रुग्णालय आणि कोणते डॉक्टर, हे मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून आताच ठरवून ठेवावे. जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. मधल्या तपासण्या तिथे होऊ शकतील का, हेही त्याच वेळी विचारता येईल.

मुलाला फोन कराल तेव्हा पुढील प्रश्न लिहून घ्यायला सांगावे: आठव्या दिवशी ब्लास्ट किती होत्या, गुणसूत्रांचा रिपोर्ट काय आला, एमआरडीची तारीख कोणती, आणि त्यानंतर नात कोणत्या धोक्याच्या गटात धरली जाईल. डॉक्टर गर्दीत असले तरी या प्रश्नांना दोन मिनिटांत उत्तर देतात, कारण पुढचे उपचार तेही त्यावरूनच ठरवतात.

प्रयोगशाळेला आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नये. दिली असेल तर नमुना पाठवण्याआधी परत मागावी. सोलापूरचा बायोप्सी रिपोर्ट मात्र फाडून टाकू नये. तो आणि त्याच्याबरोबरचा मेणातला नमुना जपून ठेवावा, कारण पुढे कधी मूळ पेशी पुन्हा तपासायची वेळ आलीच, तर तोच उपयोगी पडेल.